मिकू ॲनिमेची शीर्षकगीतं इतकी कमी का गाते?

फेब्रुवारी २०१२ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर ‘ब्लॅक रॉक शूटर’ नावाची आठ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका सुरू झाली. तिचं शीर्षकगीत गाणारी हात्सुने मिकू तोवर जपानभर माहीत झाली होती. तिच्या नावावर हजारो गाणी होती, तिचे कार्यक्रम तिकिटं लावून होत होते, टोयोटाच्या जाहिरातीतही ती झळकली होती. फक्त ती कधी कुठल्या स्टुडिओत माइकसमोर उभी राहिली नव्हती. राहणार कशी? हात्सुने मिकू हे संगणकावर गाणं तयार करण्याच्या सॉफ्टवेअरचं नाव आहे. सोबतीला दोन लांबलचक निळसर-हिरव्या वेण्या असलेल्या एका मुलीचं चित्र.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, ॲनिमे जपानचं, मिकू जपानची, दिसायलाही ती ॲनिमेतल्या मुलीसारखीच, तेव्हा निम्म्या मालिकांची गाणी हीच गात असणार. तसं मुळीच नाही. यंत्राच्या आवाजातली शीर्षकगीतं शोधायला बसलात तर फार थोडी हाती लागतात. गंमत अशी की गेल्या पंधरा वर्षांतली काही सर्वांत गाजलेली ॲनिमे गाणी ज्यांनी लिहिली, त्यांनी चाली बांधायला सुरुवात केली ती मिकूच्याच आवाजावर. म्हणजे ती पडद्यामागे जवळजवळ सगळीकडे आहे आणि पडद्यावर क्वचितच. असं का झालं, हे कळायला आधी यंत्र गातं कसं ते बघायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे मिकूचा आवाज हवेतून आलेला नाही. तो साकी फुजिता या अभिनेत्रीचा आहे. ॲनिमेतल्या पात्रांना आवाज देणं हा तिचा व्यवसाय. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने तिच्याकडून गाणी गाऊन घेतली नाहीत. तिच्याकडून ठरावीक सुरांत, काही अर्थ नसलेल्या अक्षरमाळा म्हणवून घेतल्या. मग त्या माळांचे बारीक तुकडे पाडले. तुकडे अक्षरांचे नसतात, एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जाण्याच्या वाटेचे असतात: ‘क’पासून ‘आ’कडे जाताना, ‘आ’कडून ‘न’कडे वळताना आवाज जो बदलतो, तो क्षण कापून ठेवायचा. कानाला नैसर्गिक वाटतं ते या वळणांमुळे. सुटी अक्षरं नुसती शेजारी ठेवली तर रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखं ऐकू येतं.

जपानी भाषेला असे साधारण ५०० तुकडे एका सुराला पुरतात. इंग्रजीला सुमारे २५०० लागतात. कारण जपानीत बहुतेक अक्षरं एक व्यंजन आणि एक स्वर एवढीच असतात, आणि स्वर अवघे पाच. त्यांच्या मुळाक्षरांचा क्रम म्हणून बघा: आधी अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? तो आपल्या वर्णमालेवरूनच गेलेला आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्यांच्याबरोबर तो तिकडे पोचला. मात्र आपल्याकडचं बरंच काही त्यात नाही. ख, घ, ठ, ढ नाहीत, ट आणि त असा भेद नाही, ळ नाही, जोडाक्षरं जवळजवळ नाहीत. ‘उत्कंठा’ किंवा ‘ज्योत्स्ना’ म्हणायला लावली तर त्या ५०० तुकड्यांची तारांबळ उडेल. गाणारं यंत्र जपानीत एवढं फोफावलं त्याचं थोडं श्रेय भाषेच्या या साधेपणाला द्यायला हवं.

आता तुकडे मिळाले, पण ते फुजिताने ज्या सुरात म्हटले त्याच सुरात आहेत. गाण्याला तर वेगवेगळे सूर लागणार. इथे खरी अडचण येते. जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट वेगाने फिरवली की सूर चढतो, पण माणसाचा आवाज चिमखड्यासारखा होतो. असं होतं कारण आपल्या आवाजात दोन गोष्टी एकत्र असतात. कंठातल्या पडद्यांचं कंपन सूर ठरवतं. घसा, जीभ आणि ओठ यांनी बनलेली पोकळी ‘आ’ आहे की ‘ई’, आवाज माझा आहे की तुमचा, हे ठरवते. आपण गाताना वर जातो तेव्हा कंपन वाढतं, पण डोकं लहान होत नाही. कॅसेट मात्र दोन्ही गोष्टी एकदमच वर ढकलते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं डोकंच आक्रसलं.

यामाहा कंपनीने बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर २००० सालापासून ज्या तंत्रावर काम केलं, त्याचं मर्म या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आहे. ध्वनीचं गणिताने विघटन करायचं, कंपनाचा भाग हवा तेवढा वर-खाली न्यायचा, पोकळीचा भाग जागेवर ठेवायचा आणि शेजारच्या दोन तुकड्यांचा सांधा दिसू नये म्हणून एकाचा रंग हळूहळू दुसऱ्यात मिसळायचा. या तंत्राचं नाव व्होकलॉइड. २००४ मध्ये ते बाजारात आलं, पहिल्यांदा इंग्रजी आवाज घेऊन. त्या इंग्रजी आवाजांची फारशी कोणी दखल घेतली नाही.

वापरणाऱ्याला यातलं गणित दिसत नाही. त्याच्यासमोर संगणकावर एक पाटी असते, डावीकडे पियानोच्या पट्ट्या उभ्या. प्रत्येक सुराची एक आडवी कांडी काढायची, लांबी म्हणजे काळ, आणि कांडीवर अक्षर लिहायचं. एवढं केलं की यंत्र गातं, पण ते गाणं पेटीवर वाजवल्यासारखं असतं: सूर अचूक, मधलं काहीच नाही. मींड नाही, कण नाही, शेवटी आवाज थोडा सैल सोडणं नाही. ते सगळं हाताने घालावं लागतं. सुराची रेघ वाकवायची, कंप कुठे सुरू व्हावा ते ठरवायचं, श्वासाचा खरखरीतपणा वाढवायचा, एखादं अक्षर किंचित आधी आणायचं. चार मिनिटांच्या गाण्यासाठी लोक यावर रात्रीच्या रात्री घालवतात. म्हणूनच एकच मिकू दोन संगीतकारांच्या हातात दोन वेगळ्या गायिका वाटते. या संगीतकारांना जपानीत ‘बोकारो-पी’ म्हणतात. झारखंडच्या पोलादाशी त्याचा काही संबंध नाही.

मिकूचं सॉफ्टवेअर ३१ ऑगस्ट २००७ ला आलं. आवाजाला चेहरा देण्याची युक्ती क्रिप्टनची. चित्रकार केई याने तिच्या कपड्यांत यामाहाच्या जुन्या डीएक्स७ सिंथेसायझरचे रंग आणि बटणं आणली. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, बाकी चरित्र कोरं. जो तो आपल्याला हवी तशी मिकू रंगवायला मोकळा. निकोनिको दोगा हे व्हिडिओंचं संकेतस्थळ जेमतेम काही महिन्यांचं होतं आणि घरबसल्या संगीत करणाऱ्या पोरांना गायिका परवडत नव्हती. मिकू परवडली. क्रिप्टनने लोकांच्या चित्रांवर आणि व्हिडिओंवर वकील सोडले नाहीत, उलट बिनव्यापारी वापराला रीतसर परवानगी दिली. माझ्या मते आवाजाच्या दर्जापेक्षा या शहाणपणाने जास्त काम केलं.

सुरुवातीला लोकांनी तिच्याकडून काय गाऊन घेतलं? अर्थातच ॲनिमेची गाणी. जपानी मुलांना तोंडपाठ असलेली जुनी शीर्षकगीतं मिकूच्या आवाजात चढवायची आणि मूळ गायिकेशी ताडून बघायची, हा हौशी लोकांचा रियाजच होता. त्यामुळे ‘मिकूने गायलेलं ॲनिमे गीत’ शोधलं की शेकडो मिळतात, पण ती चाहत्यांची. मालिकेच्या सुरुवातीला वाजणारं अधिकृत गाणं हा वेगळाच मामला आहे.

ॲनिमेचं शीर्षकगीत साधारण ९० सेकंदांचं असतं आणि ते मालिकेइतकंच गाणाऱ्याची जाहिरात असतं. जपानमध्ये बहुतेक मालिका एकटी कंपनी काढत नाही. प्रकाशक, वाहिनी, खेळणीवाले आणि ध्वनिमुद्रिका कंपनी मिळून निर्मिती समिती बनवतात, प्रत्येकाने पैसा घालायचा आणि प्रत्येकाने आपापल्या मालातून तो वसूल करायचा. ॲनिप्लेक्ससारखी बलाढ्य ॲनिमे कंपनी तर सोनी म्युझिकच्याच घरातली आहे. ध्वनिमुद्रिका कंपनीला शीर्षकगीताच्या जागेवर आपला गायक हवा असतो. आठवड्यातून एकदा, तीन महिने, देशभर त्याचं गाणं वाजणार. मग त्याचे कार्यक्रम, मुलाखती, पुढचा अल्बम.

या हिशेबात मिकू बसत नाही. तिचा आवाज दुकानात विकत मिळतो. ज्या गायिकेला उद्या प्रतिस्पर्धी कंपनीचा संगीतकार, किंवा नागोयातला एखादा कॉलेजकुमार, तितक्याच हक्काने गायला लावू शकतो, तिच्या प्रसिद्धीवर पैसा कोण लावेल? लोकांना यंत्राचा आवाज रुचत नाही, भावना पोचत नाहीत, शब्द कळत नाहीत, अशीही कारणं दिली जातात. शब्दांचं कारण खरं आहे. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर जुनी मिकू ऐकली तर जपानी माणसालाही ओळी वाचाव्या लागत. भावनांच्या कारणावर माझा तेवढा विश्वास नाही. लताबाई-आशाताईंचा आवाज कुठल्याही चेहऱ्यावर बसलेला आपण बिनतक्रार ऐकला. ऐकणारा माणूस भावना स्वतःच भरून घेतो.

मग ‘ब्लॅक रॉक शूटर’ला मिकू कशी चालली? कारण तिथे सगळं उलट्या क्रमाने घडलं होतं. हुके नावाच्या चित्रकाराने डोळ्यात निळी ज्योत असलेल्या एका काळ्या पोशाखातल्या मुलीचं चित्र काढलं. ते पाहून रियो या बोकारो-पीने २००८ मध्ये मिकूच्या आवाजात गाणं केलं. गाणं एवढं पसरलं की त्या मुलीच्या बाहुल्या निघाल्या, २०१० मध्ये छोटा ॲनिमेपट निघाला आणि मग टीव्हीची मालिका. म्हणजे इथे मालिकेला गाणं हवं नव्हतं, गाण्याला मालिका मिळाली होती. ते गाणं दुसऱ्या कोणी गायलं असतं तर चाहत्यांनी ते खपवून घेतलं नसतं. आणि तरी बघा, त्याच मुलीवर २०२२ मध्ये नवी मालिका आली तेव्हा शीर्षकगीत हाडामांसाच्या गायिकेकडे गेलं.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. जिन या संगीतकाराने २०११ पासून एकमेकांत गुंतलेली गाणी रचली, आधी मिकूच्या आणि मग आयए या दुसऱ्या व्होकलॉइड आवाजात. गाण्यांतून कादंबऱ्या झाल्या, आणि २०१४ मध्ये शाफ्ट या स्टुडिओने ‘मेकाकुसिटी ॲक्टर्स’ मालिका केली. पूर्ण जगच यंत्राच्या आवाजातून जन्मलेलं. पण सुरुवातीचं गीत गायलं मारिया या गायिकेने आणि शेवटचं लिया हिने. लिया कोण? तर आयएचा आवाज ज्या स्त्रीच्या कंठातून घेतला, ती. यंत्राचं गाणं टीव्हीवर जायची वेळ आली तेव्हा यंत्राला बाजूला ठेवून मूळ मालकिणीला बोलावलं. निर्मात्यांचा विचार मला समजतो: चाहत्यांना ओळखीचा आवाज मिळाला आणि बाकीच्यांना माणूस मिळाला.

‘शिंकान्सेन’ आगगाड्यांचे यंत्रमानव होतात अशी मुलांची ‘शिंकालियोन’ मालिका २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात मिकूच्या नावाची एक मुलगी गाडी चालवते, आणि तिथे संवाद बोलायला थेट साकी फुजिताच आली. २०२१ च्या ‘व्हिव्ही’ मालिकेची नायिका तर गाणारी यंत्रमानवच. तिचे संवाद एका अभिनेत्रीचे, गाणी काइरी यागी या गायिकेची, आणि यंत्राचा आवाज कुठेच नाही. कथेत यंत्र गातं तेव्हा प्रत्यक्षात माणूस गातो, ही ॲनिमेची जुनी खोड आहे. १९९४ च्या ‘मॅक्रॉस प्लस’मधली शॅरन ॲपल ही आभासी गायिकाही जिवंत गायिकांच्या आवाजातच गायली होती.

म्हणून मिकूचा ठसा शोधायचा तर गाणाऱ्यात शोधू नये, गाणं लिहिणाऱ्यात शोधावा. ज्या रियोने ‘ब्लॅक रॉक शूटर’ केलं, त्याच्याच सुपरसेल या गटाने २००९ मध्ये ‘बाकेमोनोगातारी’चं शेवटचं गीत केलं, नागी या गायिकेच्या आवाजात, आणि ते आजही वाजतं. हाची या नावाने मिकूची गाणी चढवणारा पोरगा २०१२ मध्ये केन्शी योनेझु या आपल्या खऱ्या नावाने स्वतः गाऊ लागला. ‘माय हिरो अकॅडेमिया’ आणि ‘चेनसॉ मॅन’ यांची त्याची शीर्षकगीतं पुण्या-नागपुरातली कॉलेजची मुलंही गुणगुणतात. इव्ह हा गायक मिकूची गाणी स्वतःच्या आवाजात गात वर आला आणि त्याने ‘जुजुत्सु काइसेन’ला गाणं दिलं. योआसोबीचा आयासे हाही २०१८ च्या अखेरीस बोकारो-पी म्हणूनच सुरू झाला. २०२३ मध्ये ‘ओशी नो को’साठी त्याने केलेलं ‘आयडॉल’ हे गाणं अमेरिका वगळून उरलेल्या जगाच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. तिथे पोचलेलं ते पहिलं जपानी गाणं. योआसोबीच्या गाण्यांच्या मिकूच्या आवाजातल्या आवृत्त्याही त्याने काढल्या आहेत.

आता हे लोक फक्त तिथून आले एवढंच नाही. यंत्रासाठी चाल बांधायची सवय त्यांच्या हाताला लागली आणि ती चालीत दिसते. माणसासाठी चाल बांधताना संगीतकार नकळत दम कुठे घ्यायचा याची जागा सोडतो. मिकूला दम लागत नाही. क्रिप्टनने तिच्यासाठी मिनिटाला ७० ते १५० ठोके अशी लय सुचवली होती. बोकारो-पींनी ती धाब्यावर बसवून २४० ठोक्यांची गाणी केली, एका ठोक्यात अक्षरं कोंबली, एका उडीत सप्तक ओलांडलं. गाणाऱ्याची तक्रार ऐकावी लागत नसेल तर संगीतकार काय काय करतो, याचा तो मोठा प्रयोगच होता.

मग माणसांनी हट्टाने ती गाणी गायला घेतली. जपानमध्ये अशा गाणाऱ्यांना ‘उताइते’ म्हणतात. चेहरा न दाखवता, घरातल्या खोलीत, काहींनी तर कपाटात बसून, मिकूची अशक्य गाणी ध्वनिमुद्रित करून चढवायची. आदो ही त्यातलीच. २००२ मध्ये जन्मलेली ही मुलगी लहानपणापासून यंत्राची गाणी ऐकत वाढली. ‘वन पीस फिल्म रेड’ या २०२२ च्या चित्रपटात उता नावाच्या गायिकेची गाणी तिने गायली, संवाद दुसरीचे. हे तर आपलं ओळखीचं पार्श्वगायनच झालं. तिच्या गळ्यातली झेप, एका ओळीत किंकाळीपासून कुजबुजीपर्यंत जाणं, हे मला यंत्राच्या शाळेत शिकल्यासारखं वाटतं. आजच्या ॲनिमे शीर्षकगीतांचा वेग, खच्चून भरलेले शब्द, मध्येच बदलणारी पट्टी हे कानाला नवं वाटत असेल तर त्याचं एक कारण हे आहे.

दरम्यान यंत्रही बदललं. तुकडे जोडण्याची पद्धत मागे पडून यंत्राला माणसाचं गाणं ऐकवून त्याची ढब शिकवण्याची पद्धत आली. सिंथेसायझर व्ही, सेव्हिओ एआय, २०२२ चं सहावं व्होकलॉइड हे सगळे त्या वाटेवरचे. मींड आता हाताने घालावी लागत नाही, यंत्र स्वतःच अंदाज करून घालतं. ३१ डिसेंबर २०१९ ला जपानच्या सार्वजनिक एनएचके वाहिनीवरच्या वर्षअखेरच्या मोठ्या कार्यक्रमात हिबारी मिसोरा नवं गाणं गायली. मिसोरा १९८९ मध्ये वारली होती. यामाहाने तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर यंत्र तयार केलं होतं. काहींचे डोळे भरून आले, काहींना ते मृताचा अपमान वाटलं.

इथे विषय आपल्या दारात येतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची परवानगीशिवाय यंत्राने नक्कल करायला मनाई केली, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. मिकूचं प्रकरण यापेक्षा वेगळं आहे, आणि दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगतो. साकी फुजिताने काम म्हणून, ठरवून, आपल्या नावासकट आवाज दिला. तिचा आवाज चोरलेला नाही. आणि कोणी मिकू ऐकून ‘ही फुजिताच गात आहे’ असं फसतही नाही.

न फसवणं हाच बहुधा या आवाजांच्या टिकण्याचा पाया आहे. आता हुबेहूब माणसासारखं गाणारं यंत्र सहज मिळत असताना बोकारो-पी काय करतात? कासाने तेतो हा आवाज बघा. १ एप्रिल २००८ ला मिकूच्या चाहत्यांना एप्रिल फूल करायला काही लोकांनी ही खोटी गायिका उभी केली. मग उताउ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिला खराच आवाज मिळाला, आणि २०२३ मध्ये ती सिंथेसायझर व्हीमध्ये आली. २०२४ मध्ये मिकू आणि तेतो यांचं ‘मेस्मरायझर’ हे गाणं यूट्यूबवर दहा कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं. त्यात तेतोकडे नवं इंजिन आहे, तिला माणसासारखं गाता आलं असतं. पण दोघीही यंत्रासारख्याच गातात, शब्द तोडून, डोळे न मिटता. त्यांच्या चाहत्यांना त्या तशाच हव्या आहेत. समितीत बसलेल्या ध्वनिमुद्रिका कंपनीला त्या कधी हव्याशा वाटतील का, हे मात्र हिशेबाच्या वहीवर अवलंबून आहे.